"बाहेर कायदे झाले म्हणून आमच्या घरात हे आलं का?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न आता माझ्याकडे वरचेवर येतो. कुठल्यातरी देशात समलिंगी लग्नाचा कायदा होतो किंवा आपल्या कोर्टात काहीतरी निकाल लागतो, मग टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर, घरी जेवताना ज्याला जे सुचेल ते बोलून होतं, आणि नंतर आठ-पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी आईचा फोन येतो की मॅडम आमच्या घरात एक विषय झालाय, भेटायचंय. विषय म्हणतात, पुढचं फोनवर बोलत नाहीत. लोक इतकं घाण बोलतात, आमच्या लेकराचं कसं होणार, हे बघून बघून झालं असेल का, काही उपाय आहे का, हेच सगळे विचारत असतात. म्हणून एका कुटुंबाचं सांगते. त्यांना विचारून लिहितेय, नावं आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नाशिकरोडला जेल रोडचं घर. वडील प्रेसमधून रिटायर झालेले, आई घर सांभाळणारी, एकुलती एक मुलगी, तिला आपण श्रुती म्हणू, वय अठ्ठावीस, पुण्यात आयटीत. तिथं ती आणि नेहा कॉलेज संपल्यापासून एका फ्लॅटवर राहतात. नेहा या घराला नवीन नाही. दिवाळीला यायची, करंज्या भरायला बसायची, आईसोबत गोदाघाटावर जायची, आणि नोव्हेंबर आला की श्रुतीच्या वडलांचा पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा स्कॅन करून तीच काढून द्यायची, कारण त्यांना ते ॲप काही केल्या जमत नव्हतं.

जानेवारी २०२५ मध्ये दोन बातम्या लागोपाठ आल्या. आपल्या सुप्रीम कोर्टानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणाऱ्या निकालावरच्या फेरविचार याचिका फेटाळल्या, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला थायलंडमध्ये समलिंगी लग्नाचा कायदा लागू झाला. पहिल्याच दिवशी तिथं हजाराच्या वर जोडप्यांनी लग्नाची नोंदणी केली, त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. यांच्या भावकीच्या ग्रुपवर थोरल्या काकांनी तो व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, एवढंच बघायचं राहिलं होतं. मग सुरू झालं. कुणी कलियुग म्हणालं, कुणी म्हणालं आपल्या कोर्टानं बरोबर केलं, असल्यांना फटकेच पाहिजेत असंही एकानं लिहिलं, आणि बाकीच्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. एका चुलत सुनेनं लिहिलं की त्यांचं त्यांना जगू द्या ना, तर तिला लगेच उत्तर आलं की तू यात पडू नकोस. श्रुतीच्या वडलांनी पण एक हसण्याचा इमोजी टाकला.

त्या रात्री श्रुतीनं ग्रुप सोडला. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी आईनं रडत रडत विचारलं की अगं झालं तरी काय, तर ती म्हणाली, आई, ते ज्यांच्यावर हसतायत ना, ती मी आहे, मी आणि नेहा.

आई माझ्याकडे एकटीच आली. नवऱ्याला तोवर सांगितलं नव्हतं. आल्या आल्या पहिला प्रश्न तोच, की हे कायदे, या बातम्या, या वेबसिरीज, याच्यामुळं झालं का? मी विचारलं, नेहा तुमच्या घरी पहिल्यांदा कधी आली? त्यांनी मनात हिशोब केला आणि गप्प बसल्या. थायलंडचा कायदा यायच्या कितीतरी आधीपासून ती येतेय. नेदरलँडमध्ये जगातला पहिला असा कायदा २००१ ला झाला, पुढं अमेरिकेत २०१५ ला, आशियात पहिला तैवानमध्ये २०१९ ला, आणि नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ ला अशा पहिल्या लग्नाची नोंद झाली. कायद्यानं कुणी समलिंगी होत नाही हो. जे आधीपासून होते ते बोलायला लागतात, आणि आपल्याला वाटतं की अचानक वाढले. बोलता येणं ही साधी गोष्ट नाहीय. अमेरिकेत राज्याराज्यांत कायदा होत गेला त्या काळाचा अभ्यास झालाय, जिथं कायदा झाला तिथं शाळकरी मुलांचे आत्महत्येचे प्रयत्न कमी झालेले दिसले, आणि समलिंगी मुलांमध्ये जास्त कमी झालेले दिसले. म्हणजे लग्नाचं वय पण न झालेल्या मुलांपर्यंत काहीतरी पोचत होतं.

दुसरा प्रश्न औषधाचा. बहिणीनं सांगितलं होतं की त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या, घरातले अडलेले विषय सुटतात, आणि ओळखीतल्या कुणीतरी एक डॉक्टर सांगितला होता जो म्हणे सहा महिन्यात नॉर्मल करून देतो. पूजेबद्दल मी एवढंच म्हटलं की तुमची श्रद्धा आहे, तुमच्या मनाला शांती मिळत असेल तर जरूर करा, पण मुलगी बदलावी म्हणून करू नका आणि तिला ओढून तिथं बसवू नका. डॉक्टरबद्दल मात्र मी स्पष्ट बोलले, नेहमीच बोलते, कारण तिथून परत आलेली मुलं मी बघितलीत, झोप उडालेली, स्वतःच्या अंगाची किळस आलेली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्येच याला आजारांच्या यादीतून काढलं, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये काढलं, आपल्याकडच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं पण हा आजार नाही असं जाहीर सांगितलंय. आणि मद्रास हायकोर्टाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं समलिंगी माणसाला 'बदलायची' ट्रीटमेंट करणं हे डॉक्टरसाठी गैरवर्तन ठरवलंय. जो बदलून देतो म्हणतो त्याच्याकडं पैसे पण घालवू नका आणि पोरगी पण घालवू नका.

मग खरा प्रश्न आला. लोक काय म्हणतील. म्हणतील कसलं, म्हणून झालं होतं, ग्रुपवर लिहून ठेवलं होतं. मी त्यांना म्हटलं, काढा मोबाईल, एकेक मेसेज वाचा, आणि प्रत्येक वेळी दोनच गोष्टी सांगा, हा माणूस शेवटचा तुमच्या घरी कधी आला, आणि रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायची वेळ आली तर याला फोन कराल का. पहिल्यांदा त्यांना ते विचित्रच वाटलं, पण वाचत गेल्या. ग्रुपमध्ये साठेक माणसं, प्रत्यक्षात लिहिणारी पाच-सहा. फटके द्या म्हणणारा भाचा कुणाच्या तरी लग्नात भेटला होता, त्यानंतर नाही. कलियुगवाले नातेवाईक नगरला असतात, फक्त गुड मॉर्निंग पाठवतात. आणि जगू द्या म्हणणारी ती चुलत सून? ती म्हणे यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला चार दिवस डबा घेऊन येत होती. बाकी सगळे गप्प. गप्प म्हणजे ते हसणाऱ्यांच्या बाजूनंच आहेत असं आपण धरून चालतो, खरं तर त्यांच्या मनात काय आहे ते आपल्याला माहीतच नसतं, त्यांच्यातही कुणाच्या घरात असाच विषय असेल आणि तेही घाबरून बसले असतील. हा व्यायाम मी बऱ्याच आईवडलांकडून करून घेते. लोक म्हणजे एक मोठी भिंत वाटत असते, एकेक नाव घेतलं की त्यात माणसं दिसायला लागतात, आणि कुणाच्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते ज्याचं त्याला ठरवता येतं.

श्रुतीशी मी व्हिडिओवर बोलले. तिला वाटत होतं आता मी पण आईच्या बाजूनं समजवायला येणार, त्यामुळं सुरुवातीला अगदी हो-नाही एवढंच बोलत होती. मग म्हणाली, मॅडम, काकांचं मला काही वाटलं नाही, ते कशावरही तसंच बोलतात, बाहेर लोक काय काय लिहितात ते तर मी २०१८ पासून वाचतेय, समलिंगी संबंध गुन्हा नाही असा ३७७ कलमाचा निकाल आला त्या दिवसापासून, सवय झालीय, पण बाबांचा तो इमोजी बघितला आणि हातपायच गार पडले. ती नंतर रात्री-रात्री अनोळखी लोकांच्या कमेंट वाचत बसायची, म्हणे त्यातलं कुठलं वाक्य बाबा बोलतील ते शोधत होते. हे ऐकून माझ्या पोटात तुटलं. तिच्याशी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या, झोपायच्या आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि बाबा काय म्हणतील याचा अंदाज परक्या माणसांच्या कमेंटवरून काढायचा नाही.

ऑस्ट्रेलियात २०१७ ला सरकारनं या प्रश्नावर टपालानं लोकांचं मत मागवलं होतं, जवळजवळ ६२ टक्के लोकांनी हो म्हटलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला, पण निकालाच्या आधीचे ते महिने तिथल्या समलिंगी लोकांना फार जड गेले, रोज उठून आपल्याबद्दल आख्खा देश चर्चा करतोय. त्या काळात अभ्यास झाला, त्यात दिसलं की विरोधातला प्रचार ज्यांच्या नजरेस जास्त पडला त्यांच्यात डिप्रेशन, अँक्झायटी, ताण जास्त होता, पण ज्यांची जवळची माणसं त्यांच्या बाजूनं होती त्यांना तो प्रचार तेवढा लागला नाही. मी पालकांना हे आवर्जून सांगते. बाहेरच्यांची तोंडं तुम्ही बंद करू शकत नाही आणि त्याची गरजही नाही, तुमच्या मुलाला बाहेरचं किती लागतं ते बरंचसं तुमच्यावर आहे.

वडलांना सांगायचं श्रुतीनंच ठरवलं, नाशिकला येऊन, समोर बसून. त्यांनी आरडाओरडा केला नाही, उठून बाहेर गेले आणि पाच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग आईच्या आग्रहाखातर माझ्याकडे आले, हेल्मेट मांडीवर घेऊन बसले आणि पहिलं वाक्य, कोर्टानंच नाही म्हटलंय ना मॅडम.

मी म्हटलं, काका, कोर्टानं काय म्हटलं ते पूर्ण बघू. १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल, पाच जजचं बेंच. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा करायचा तर संसदेनं करावा, यावर पाचही जण एकमतानं होते, हे खरं. पण दोघांनी एकत्र राहणं गुन्हा आहे असं त्यात कुठंही नाही, उलट त्यांना कुणी त्रास देऊ नये असंच म्हटलंय. रेशनकार्ड, जॉइंट खातं, पेन्शन असे रोजच्या जगण्यातले प्रश्न बघायला केंद्रानं समिती नेमायची असं ठरलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थमंत्रालयानं खुलासा केला की अशा जोडीदारांना बँकेत जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही.

नॉमिनी म्हटल्यावर काका पहिल्यांदा सरळ होऊन बसले. आयुष्यभर फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शनचे फॉर्म भरलेला माणूस. म्हणाले, म्हणजे नेहाचं नाव लावता येतं? मी हो म्हटलं. मग विचारलं, उद्या श्रुतीला दवाखान्यात ॲडमिट करायचं झालं तर सही कोण करणार, आम्ही तर इथं, पुण्याला पोचायला चार-पाच तास, चाकणला ट्रॅफिक लागलं तर विचारूच नका. आणि आम्ही गेल्यावर? या प्रश्नांची सगळी उत्तरं आज कायद्यात नाहीत, ते मी त्यांना सांगितलं. लग्न झालेल्या नवराबायकोला जे आपोआप मिळतं ते या दोघींना एकेक कागद करून मिळवावं लागेल, मृत्युपत्र करावं लागेल, काही गोष्टी कागद करूनही मिळणार नाहीत. लोक विचारतात ना, यांना लग्न कशाला पाहिजे, राहतात ना एकत्र, ते याच्यासाठी पाहिजे. मला तो कायदा आपल्याकडं व्हावा असं मनापासून वाटतं आणि मी ते त्यांच्यापासून लपवलं नाही.

मग इमोजीचा विषय मीच काढला. ते म्हणाले, सगळ्यांनी टाकला म्हणून टाकला हो, माझ्या काही मनात नव्हतं. मी विचारलं, टाकताना नेहा डोळ्यासमोर होती का? एकदम म्हणाले, नेहाचा काय संबंध, तिला मी ओळखतो. बोलून गेले आणि मग बराच वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत बसले. मी पुढं काही जोडलं नाही. अशा बातम्यांवर हसणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटत असतं की ही माणसं कुठंतरी लांब थायलंडात असतात, आपल्या ताटाशेजारी ताट मांडून बसत नाहीत.

त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही, लिहा असं मी सांगितलंही नव्हतं. श्रुतीला मात्र मेसेज केला की तो इमोजी मी टाकायला नको होता, बाकीचं मला अजून समजत नाहीय, वेळ दे. तिनं दिला. सगळं गोड झालं असं नाही. आई अजून मधेच म्हणते की स्थळं बघायचं बंद केलं तरी छातीत कळ येते, सोन्याचं काय करायचं, कुणाच्या लग्नात कुणी विचारलं की रडू येतं. तिचं दुःख खोटं नाही, ते लेकीसमोर न काढता माझ्याकडे येऊन काढते, एवढा फरक पडलाय आणि तो पुष्कळ आहे.

परवा तिनं विचारलं, शेजारच्या काकू खोदून खोदून विचारतात, त्यांना सांगून टाकू का एकदाचं? मी म्हटलं, श्रुतीला विचारा. तिची गोष्ट आहे, कुणाला कधी सांगायची ते ती आणि नेहा ठरवतील. तोवर काकूंना एवढंच म्हणा, मुलगी सुखात आहे, लग्नाचं तिचं ती बघेल. आणि तुमच्याच्यानं एखाद्या रात्री सहन होईना झालं तर मला फोन करा, मी नाही उचलला तर १४४१६ हा मानसिक आधारासाठीच्या सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यांनी तो नंबर तिथंच सेव्ह केला, आणि नवऱ्याला पण पाठवला.