आयएलआर नसताना इंग्लंडमध्ये स्टुडंट फायनान्स मिळू शकतं का?

तुमची मुलगी आठव्या वर्षी भारतातून इंग्लंडला आली, आता अठराची आहे, आणि आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) नाही म्हणून स्टुडंट फायनान्सचा, म्हणजे सरकारी शिक्षण-कर्जाचा, अर्ज नाकारला, असं तुम्ही लिहिलंय. कृपया एवढ्यावर थांबू नका.

आयएलआर नसला तरी एक वाट आहे, दीर्घ वास्तव्याची. २०१५ साली टिगेरे या विद्यार्थिनीच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि त्यानंतर हा नियम आला. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याने निम्मं आयुष्य किंवा २० वर्षं यूकेत काढलेली हवीत. तिची १८ पैकी १० झालीत, म्हणजे ती बसते. मात्र शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवसाआधीची सलग ३ वर्षं कायदेशीर व्हिसावर गेलेली हवीत. मुलं अडतात ती बहुतेक इथंच: मुदतवाढीचा अर्ज उशिरा गेला की मध्ये खंड पडतो. जुने व्हिसा आत्ताच तपासा.

शाळेची पत्रं, जीपीची (स्थानिक डॉक्टरची) नोंद, जुने पासपोर्ट जोडून फेरविचार मागा. शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवसानंतरही ९ महिन्यांपर्यंत अर्ज चालतो. विद्यापीठाची फी-श्रेणी (स्थानिक की परदेशी विद्यार्थ्याची फी) वेगळी ठरते, तिथेही हाच मुद्दा लेखी मांडा.