थंडीतली उपाशी घोडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सामाईक कुरणावर सात घोडी हिवाळाभर सोडून दिलेली आहेत. एकाच्या बरगड्या दिसतात, बाकीच्यांची पोटं चांगली गरगरीत आहेत. मग एकच उपाशी समजायचं का?

पोटावर जाऊ नका. चोथट चारा आणि जंत यांनी पोट खाली सुटतं, आणि त्याच वेळी पाठीवरचं मांस झडत असतं. शिवाय थंडीतल्या दाट केसांखाली बरगड्या झाकल्या जातात. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जा आणि बोटं केसांत खोल घालून बरगड्यांवरून आडवी फिरवा. आता स्वतःची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून न्या. बरगड्या अशा टोचल्या तर घोडं हडकलेलं आहे. मूठ उघडून पंजा सरळ धरल्यावर त्याच्या पाठीवरची हाडं जशी लागतात तशा लागल्या, तर फारशी काळजी नाही.

पशुवैद्य सहा जागा चाचपतात : मान, मानेच्या मुळाचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ. अमेरिकी संशोधक डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पट्टीवर घोड्याला १ ते ९ गुण देतात. ५ म्हणजे मध्यम, १ म्हणजे नुसता सापळा. हात लावू न देणाऱ्या घोड्याला मागून बघा. कमरेची हाडं खुंट्यांसारखी वर आलेली आणि शेपटीच्या दोन्ही अंगांना खळगे पडलेले दिसले, तर ते १ किंवा २ गुणांचं समजून पुढचं उत्तर नीट वाचा.

प्रश्न : आम्ही पोतंभर चंदी आणि शिळे पाव नेऊन टाकले. घोड्यांनी दहा मिनिटांत फस्त केले. एक जण म्हणाला, अशाने घोडी मरतात. भुकेल्याला खायला घालून कसं मरेल?

मरतं. तेही लगेच नाही, खाणं सुरू झाल्यावर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणून कुणाला संशयही येत नाही. उपासमारीत शरीर आधी चरबी जाळतं, मग स्नायू. पेशींमधलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम संपत आलेलं असतं, पण रक्ताच्या तपासणीत ते बऱ्यापैकी दिसू शकतं. अशा वेळी धान्य किंवा पाव पोटात गेला की साखर वाढते, इन्सुलिन उसळतं आणि रक्तात उरलेले हे क्षार पेशींत ओढले जातात. रक्तातलं प्रमाण एकदम कोसळतं. मग हृदय, श्वास आणि मेंदू एकामागून एक गळपटतात. पोटशूळ आणि खुरांची सूज हे चंदीचे नेहमीचे धोके वेगळेच.

म्हणून चंदी, कोंडा, पाव, गूळ काही नको. कापलेल्या हिरवळीचा ढीगही नको, तो आतून तापतो, आंबतो आणि घोडी तो न चावता गिळतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी उपाशी घोड्यांवर तीन प्रकारचे आहार तपासले, त्यात वाळलेली लसूणघास सरस ठरली. तिच्यात पिष्ट कमी आणि प्रथिनं, फॉस्फरस, मॅग्नेशियम जास्त असतं. त्यांचं वेळापत्रक साधारण ४५० किलोच्या घोड्यासाठी असं आहे : पहिले तीन दिवस दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, सुमारे ४५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला २.७ किलो. चौथ्या दिवसापासून दर खेपेचं प्रमाण हळूहळू जास्त आणि खेपा कमी, सहाव्या दिवशी दर आठ तासांनी सुमारे २ किलो. दहा दिवसांनंतर दिवसातून दोनदा, खाईल तेवढं. त्याच्या तोंडाकडे बघून वाढवू नका, ते मागतच राहणार. वजनकाट्यावर गवत मोजा, अंदाजाची पेंढी दुप्पट भरते.

घोड्याचं वजन टेपने काढता येतं. छातीचा घेर (पुढच्या पायांच्या लगेच मागून) आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वजन साधारण २६५ किलो, म्हणजे त्या तट्टाला पहिल्या दिवसांत दर खेपेला २६५ ग्रॅमच.

खरं सांगायचं तर उघड्या कुरणावर सात घोड्यांना हे वेळापत्रक पाळणं अशक्य आहे. म्हणून १-२ गुणांचं घोडं पशुवैद्याच्या देखरेखीखाली आडोशाला हलवणं हाच मार्ग, तोही मालकाच्या किंवा अधिकाऱ्यांच्या परवानगीने. ३ आणि त्यावरच्या घोड्यांना साधं, बुरशी नसलेलं वाळलेलं गवत जागेवरच चालतं. थोड्यापासून सुरुवात करून आठवडाभरात वजनाच्या दीड ते दोन टक्के रोज इथवर न्या.

प्रश्न : पाण्याचं काय? कुरणावर डबकी आहेत, पण सकाळी गोठलेली असतात. बर्फ चाटून भागत नाही का?

नाही. मोठं घोडं दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पितं आणि वाळल्या गवताबरोबर त्याला उलट जास्तच लागतं. पाण्याविना कोरडं गवत आतड्यात गच्च बसतं आणि पोटशूळ उठतो. त्यामुळे गवताच्या आधी पाणी. सकाळ-संध्याकाळ बर्फ फोडा, तुकडे बाहेर काढून टाका, नाहीतर तासाभरात पुन्हा एक होतात. जमलं तर कोमट पाण्याची बादली न्या, घोडी गारठलेल्या पाण्यापेक्षा कोमट जास्त पितात. लीद बघत राहा. लहान, कडक, चिकट पापुद्रा असलेले गोळे म्हणजे पाणी कमी पडतंय.

प्रश्न : गवत टाकलं की दोन दांडगी घोडी सगळ्यांना हाकलतात. अशक्त तशीच राहतात.

घोड्यांपेक्षा एक-दोन ढीग जास्त करा. सात घोड्यांना आठ-नऊ ढीग, एकमेकांपासून दहा-बारा पावलांवर, वर्तुळात, वाऱ्याच्या आडोशाला. एका रेषेत टाकले तर दांडगं घोडं एका फेरीत सगळ्यांना हुसकावतं. चिखलावर टाकू नका, मातीसकट खाल्लेलं गवतही आतड्यात साचतं. आणि मध्ये उभं राहू नका, लाथा अशाच वेळी बसतात.

प्रश्न : झूल घालावी का? जंताचं औषध देऊन टाकू?

मोकळ्या घोड्यावर झूल नको. ती सरकते, पायांत अडकते आणि तिच्याखाली वजन किती उतरतंय ते कुणाला दिसत नाही. दाट, कोरडे केस असलेलं धडधाकट घोडं शून्याखालीही तग धरतं, भिजलेलं आणि हडकलेलं मात्र दहा अंशांतही कुडकुडतं. त्याला वारा-पावसापासून आडोसा आणि पोटात गवत हवं, कारण गवत पचतानाच ऊब तयार होते. जंताचं औषध स्वतःच्या मनाने तर मुळीच नको. हिवाळ्याच्या शेवटी आतड्याच्या अस्तरात लहान लाल जंतांच्या अळ्या दडलेल्या असतात, आणि काही औषधं अति कृश जनावराला सोसत नाहीत. औषध आणि वेळ दोन्ही पशुवैद्याने ठरवावं.

प्रश्न : मालकाचा पत्ता नाही. आम्हीच घोडी घेऊन जाऊ का?

मोकळं सोडलेलं घोडं बेवारस असतंच असं नाही. मानेच्या डाव्या बाजूला कातडीखाली ओळखीची चिप असू शकते, मालकीचा डागही असू शकतो. परस्पर नेलंत तर चोरीचा आळ तुमच्यावर. कुरणाची व्यवस्था पाहणारे, पोलीस आणि प्राणी-कल्याणाचं काम करणारी संस्था यांना एकाच दिवशी लेखी कळवा. प्रत्येक घोड्याचे दोन्ही बाजूंनी आणि मागून, सारख्या अंतरावरून तारखेसह फोटो काढा आणि आठवड्याने तेच पुन्हा काढा. निव्वळ बरगड्यांचे नकोत. कुरतडलेली झाडांची साल, जमिनीला टेकलेलं गवत, गोठलेलं पाणीही घ्या. उपेक्षा सिद्ध होते ती या मालिकेवरून.

प्रश्न : एक घोडं आडवं पडलंय, उठत नाही.

पशुवैद्याला आत्ता बोलवा. पायांच्या बाजूला जाऊ नका, पाठीकडून जा. जमलं तर पेंढ्या टेकवून त्याला छातीवर बसतं करा, अंगाखाली कोरडा पेंढा आणि डोक्याखाली पोतं घाला, नाहीतर खालचा डोळा घासला जातो. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते, त्याला चार माणसं लागतात. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. बादली ओठांजवळ धरा, स्वतःहून प्यायलं तर पिऊ द्या. तीन दिवस मदत करूनही स्वतःच्या पायांवर उभं राहिलं नाही तर वाचण्याची आशा फार कमी असते. तेव्हा पशुवैद्याने शांत मरण सुचवलं, तर नाही म्हणू नका.