जपानी ब्रश कडक झाला, फेकून देऊ का?

प्रश्न : मी तुमसरकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. भाच्यानं जपानहून अक्षरं काढायचे दोन ब्रश आणून दिले, एक जाड, एक बारीक, सोबत शाईची कांडी न ती घासायचा दगड. जाड ब्रश आता वरून लाकडासारखा कडक झाला न टोकाचे दोन भाग झाले. मी तर दरवेळी धुऊन, टोपण लावूनच ठेवते जी, मग काहून असं झालं?

उत्तर : फेकू नका ताई. टोक फाकलं असलं तरी बिघाड वर आहे, केस दांडीत शिरतात तिथं. ती कांडी म्हणजे काजळी आणि सरस, जनावरांच्या कातडी-हाडांतून काढतात तो. नळाखाली धरला की टोकाचं काळं लगेच जातं न आपल्याला वाटतं झालं, पण मुळाशी सरस राहतो, वाळतो, दरवेळी थोडा थोडा साचत जातो आणि मग केस जुळतच नाहीत.

आता कोमट पाण्यात, गरम नाही, फक्त केस बुडतील असा तास-दोन तास ठेवा, टोक बुडाला टेकू देऊ नका. मग चिमटीत मुळाशी धरून हळूहळू दाबत राहा, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत, वेळ लागतो. रात्रभर मात्र भिजवू नका, सगळा झुबकाच दांडीतून सुटून हातात यायचा. शाम्पूची गरज नाही, वाळलेला सरस पाण्यातच सुटतो. बाटलीतली तयार शाई वापरत असाल तर लगेच धुवा, काहींमध्ये प्लास्टिकसारखं रेझिन असतं, ते वाळलं की सुटता सुटत नाही.

टोपण टाकून द्या. नवा ब्रश समुद्री शेवाळाच्या खळीनं ताठ केलेला असतो, दुकानातून घरी येईस्तोवर टोक मोडू नये एवढंच टोपणाचं काम. ओल्या ब्रशला लावलं की आत दमटपणा कोंडतो, आपल्याकडं श्रावणात तर बुरशीच. टोक खाली करून खिळ्याला टांगा, सावलीत. मे महिन्यात कूलरच्या झोतात किंवा उन्हात नको, बांबूची दांडी तडकते.

बारीक ब्रशचा नियम उलटा. त्याची खळ काढून तो पूर्ण मोकळा करतच नाहीत, टोकाचा तिसरा हिस्साच. आणि नळाखाली धुवायचा नाही, ओल्या कागदावर पुसत पुसत टोक जुळवून ठेवायचा.

तुम्ही धानाच्या पट्ट्यातल्या म्हणून एक सांगतो. हिरोशिमा प्रांतात कुमानो म्हणून गाव आहे, तिथल्या ब्रशला 1975 मध्ये सरकारनं पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. तिथले कारागीर केसांवर धानाच्या तुसाची राख टाकतात, गरम करतात, हरणाच्या कातड्यात गुंडाळून चोळतात, कारण केसातलं तेल निघाल्याशिवाय शाई धरत नाही. तेव्हा केस मऊ व्हायला खोबरेल लावा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्यांची सगळी मेहनत पाण्यात.

दगड त्याच दिवशी धुवा, मऊ स्पंजानं. तारेची घासणी लावली तर कांडी झिजवणारे बारीक दाणेच खराब होतात. कांडी ओली असताना दगडावर उभी ठेवली तर चिकटते, पुसून ठेवा. आणि ब्रशचे केस खरेच असतात, बकरीचे, घोड्याचे, म्हणजे कसर लागणारच, डब्यात एक डांबरगोळी टाका.