कळलावीचे फूल घरात आणले तर भांडण लागते का?

प्रश्न : आमची प्राथमिक शाळा माळाला आणि त्यामागच्या जंगलाला लागून आहे. श्रावणात तिथल्या करवंदीच्या जाळ्यांवर ज्वाळांसारखी लाल-पिवळी फुले दिसतात. परवा तिसरीतल्या एका मुलाने ती तोडून वर्गात आणली, तेव्हा ‘ही कळलावी, हिच्यामुळे भांडणे लागतात’ असे म्हणत बाकीच्या मुलांनी ती बाहेर टाकायला लावली. या समजुतीत तथ्य आहे का? ही वेल लिलीच आहे का? मुलांना तिची ओळख कशी करून द्यावी?
— एक शिक्षिका, संगमेश्वर तालुका

उत्तर : भांडण लागते हे खरे नाही, मात्र मुलांनी फुले बाहेर टाकायला लावली हे योग्यच झाले, कारण कळलावी विषारी आहे. सगळा घोटाळा ‘कळ’ या शब्दाने केला आहे. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून सुइणी या वेलीच्या कंदाचा लेप बाहेरून लावीत आणि त्यावरून तिला कळलावी म्हणू लागले, असे सांगतात. ‘कळ लावणे’ म्हणजे दोघांत भांडण लावून देणे असाही अर्थ मराठीत आहे, आणि सुइणींचा काळ मागे पडल्यावर हा दुसरा अर्थच बिचाऱ्या वेलीला चिकटला असावा, असे मला वाटते.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली तिचे ग्लोरिओसा सुपर्बा असे नामकरण केले. तिला पूर्वी लिलीच्या कुळात घालत असत. आता ती कॉल्चिकेसी या जवळच्या कुळात मोडते, म्हणून तिला लिलीची चुलत बहीण म्हणावे. (अंगणातली गुलाबी ‘पावसाळी लिली’ नात्याने याहूनही लांबची आहे.)

ओळख वर्गात नव्हे, वेलीपाशीच करून द्यावी; हात न लावता पाहण्यासारखे तिच्यात पुष्कळ आहे. पानाचे टोक बारीक होत जाऊन स्प्रिंगसारखे वळते आणि शेजारच्या फांदीला विळखा घालते, म्हणजे चढण्याचे काम इथे पानच करते. कळी खाली मान घालून लोंबते, पण उमलताना तिच्या कडा कुरळ्या असलेल्या सहा पाकळ्या उलट वर वळतात आणि सहा पुंकेसर चहूकडे पसरतात. स्त्रीकेसराची दांडी तर बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जाते, त्यामुळे त्याच फुलाचे पराग तिच्या टोकावर सहजी पडत नाहीत आणि परागणासाठी फुलपाखरे व शिंजीर पक्षी यांची मदत लागते. मुलांनी एकच कळी हेरून रोज तिचे चित्र रंगवले, तर हिरवट, पिवळा, नारिंगी आणि शेवटी लालभडक असा रंगांचा प्रवास त्यांच्या वहीत आपोआप उतरेल.

पावसाळा सरला की वेल वाळते आणि जमिनीत नांगरासारखा वाकडा कंद उरतो. संस्कृतात तिला ‘लांगली’ म्हणतात ते यावरूनच.

हे फूल झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल आणि तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ यांच्या एकविसाव्या वाढदिवसासाठी दक्षिण ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतील, शाळकरी मुलांनी वर्गणी काढून याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला होता. ही गोष्ट तिसरीच्या वर्गाला नक्की आवडेल.

विषाबद्दल मात्र स्पष्ट बोलावे. वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कॉल्चिसिन हे द्रव्य असते. डॉक्टर तेच अगदी मोजक्या मात्रेत गाऊट या सांधेदुखीवर देतात आणि त्याच्याच साहाय्याने बिनबियांच्या कलिंगडाची पैदास केली जाते; पण कंद रताळे समजून खाल्ला, तर जीवावर बेतते आणि शिजवल्यानेही विष जात नाही. लक्षणे कित्येकदा काही तासांनी दिसू लागतात, म्हणून एखाद्या मुलाने चुकून तुकडा चावला, तर उलटी-जुलाबांची वाट न पाहता, वेलीचा नमुना पिशवीत घालून त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.