पोस्टडॉकला निघताय? महिने आत्तापासून मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रसायनशास्त्रातली पीएचडी कोल्हापुरात संपत आलीय, जर्मनीतले एक प्राध्यापक दोन वर्षांचं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधनकाम) देतायत, पुढे मेरी क्युरी ही युरोपीय संघाची संशोधकांसाठीची फेलोशिप घेऊन युरोपातच राहायचंय, आणि नवऱ्याला-मुलीला कधी न्यावं हे कळत नाहीये. मी पुण्याहून जर्मनीत गटिंगेनला आले आणि तिथून बेल्जियममध्ये लुव्हेनला, म्हणजे याच वाटेनं.

आधी माझी फजिती सांगते. गटिंगेनला छान रमले होते, सरही म्हणाले, मेरी क्युरी इथूनच टाकू. दोन महिने प्रस्तावावर घासले. मग नियमावली नीट वाचली. अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात तुम्ही १२ महिन्यांहून जास्त राहिलात किंवा काम केलंत, त्या देशासाठी अर्जच करता येत नाही. माझे तेरा भरले होते. प्रस्ताव कितीही चांगला असो, तो वाचलाही गेला नसता. सरांना दोष देत नाही, त्यांना हा नियम लागू होईल अशी वेळच कधी आली नव्हती. तोच विषय थोडा वळवून पुढच्या वर्षी लुव्हेनसाठी टाकला.

म्हणून तुम्ही जर्मनीत पाऊल ठेवाल त्या दिवसापासून हिशेब ठेवा. हा अर्ज साधारण सप्टेंबरात बंद होतो. जर्मनीतच राहायचं असेल तर पहिल्या वर्षातला सप्टेंबरच तुमचा. दुसऱ्या देशात जायचं असेल तर घाई नाही, पण पीएचडीनंतरची आठ वर्षं हीही मर्यादा आहेच. बारीकसारीक अटी बदलतात, तेव्हा त्या-त्या वर्षीचं पत्रक वाचा, माझ्या आठवणीवर विसंबू नका.

आता जास्त महत्त्वाचं. प्राध्यापकांनी देऊ केलंय ते नोकरीचं कंत्राट आहे की स्टायपेंड, म्हणजे नोकरीवर न घेता दिलेलं विद्यावेतन? मेलमधला ‘फेलोशिप’ हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो, पण स्टायपेंडवर सहसा आरोग्यविमा स्वतःचा स्वतः काढावा लागतो, पेन्शनमध्ये काही जमा होत नाही आणि बेकारभत्त्याचा हक्कही नाही. जर्मन विद्यापीठात पोस्टडॉकचं कंत्राट बहुधा टीव्ही-एल ई-१३ या वेतनश्रेणीत असतं. कर कापून हाती येणाऱ्या पगारापेक्षा स्टायपेंड थोडं जास्त दिसेल, त्याला भुलू नका. कंत्राट मागून घ्या, निदान विचारा तरी. विचारलं म्हणून ऑफर कोणी काढून घेत नाही. पेन्शनचं महत्त्व मला लुव्हेनला कळलं: जर्मनीतले भरलेले महिने बेल्जियमच्या महिन्यांना जोडून धरले जातात, आपण युरोपीय नागरिक नसलो तरी. जर्मनीत पेन्शन मिळायला किमान ६० महिने भरावे लागतात, एकट्या दोन वर्षांनी काय होणार?

व्हिसाचं. संस्थेकडून होस्टिंग ॲग्रीमेंट (तुम्हाला संशोधक म्हणून घेत असल्याचा करार) मिळाला की संशोधकाचा परवाना मागा, साध्या नोकरीचा नको. २०१६ च्या युरोपीय कायद्यानं या परवान्यावर दुसऱ्या सदस्य देशातल्या प्रयोगशाळेत ३६० दिवसांत १८० दिवसांपर्यंत काम करता येतं (डेन्मार्क आणि आयर्लंड यात नाहीत), आणि काम संपल्यावर नोकरी शोधायला किमान नऊ महिने राहता येतं. कायमच्या वास्तव्यासाठी साधारण पाच वर्षं एकाच देशात लागतात, देश बदलला की पाटी कोरी. याला एक पळवाट आहे: पुढे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा युरोपीय परवाना) घेतलंत तर आधीच्या देशातली संशोधक म्हणून काढलेली वर्षंही त्यात धरता येतात. हे मला उशिरा कळलं, तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते.

कागदांचं काम कोल्हापुरात असतानाच उरका. नगरपालिकेचा विवाहाचा दाखला मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर लागेल. बेल्जियमला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, चालतं. जर्मनीनं भारताच्या अपोस्टिलला हरकत घेतलेली आहे, तिथे त्यांच्या दूतावासाची प्रक्रिया वेगळी. मी दोन्ही एकदम केलं नाही आणि पुन्हा मंत्रालयापासून सुरुवात करायला भावाला मुंबईला पाठवलं. अजून बोलून दाखवतो.

अडलात तर युराक्सेस या युरोपीय आयोगाच्या सेवेची केंद्रं चाळीसहून जास्त देशांत आहेत. व्हिसा, घर, विमा याबद्दल फुकट सल्ला देतात. कोणतं केंद्र किती तत्पर हे नशीब, पण विद्यापीठाच्या एचआरपेक्षा उत्तर लवकर आलं असा माझा अनुभव.

नवरा-मुलगी? कायद्यानं बरोबर येता येतं आणि जोडीदाराला काम करायलाही मुभा आहे. तरी पहिले तीनेक महिने एकट्या जा. घर मिळवण्यातच ते जातात, कारण घरमालकाच्या सहीचा कागद असल्याशिवाय पत्त्याची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय पुढचं बरंच अडतं. आणि टपालपेटीवर तिघांचीही नावं लावा. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं, बँकेचा पिन तीनदा परत गेला, मी मात्र पोस्टाला शिव्या देत बसले.

ऑफर लेटर आलं की पगाराचा आणि विम्याचा परिच्छेद, नावगाव झाकून, इथे टाका. कंत्राट आहे की स्टायपेंड ते लगेच सांगते.