लिहून काढू नका, मी तेच केलं होतं

तुमची अडचण वाचली आणि आठ वर्षांपूर्वीचे आम्हीच आठवलो. ‘कर्ब युअर एन्थुझिअ‍ॅझम’ या अमेरिकी विनोदी मालिकेसारखं, संवाद न लिहिता, अवघडलेल्या प्रसंगांवर काहीतरी करायचंय, पण तालमीत जो तो कोट्या करत सुटतो आणि प्रसंग जागचा हलत नाही. तर आता सगळं लिहूनच काढावं का, असं विचारलंय तुम्ही. नका काढू.

मालिका पाहिलेली दिसतेय, तेव्हा ती रचणारा आणि त्यात स्वतःच नायक होणारा लॅरी डेव्हिड कोण वगैरे सोडून देतो. लोक एवढंच धरून बसतात की तिथे संवाद नसायचे. अहो, पण प्रत्येक भागाचा सात-आठ पानी आराखडा असायचा! कोणाला काय हवंय, कोण आडवं येणार, सुरुवातीची फालतू बाब शेवटी कुणाच्या अंगावर उलटणार, हे सगळं आधी ठरलेलं. मोकळीक फक्त बोलण्यापुरती. तुमची मंडळी कोट्या करतायत, कारण त्या प्रसंगात त्यांना काही मिळवायचंच नाहीये. (माझं मत. नाटकाचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही.)

आमचा प्रसंग साधा होता. शेजारणीचा डबा रिकामाच परत जातो. एवढंच. एका तालमीत शेजारीण झालेल्या बाईंनी झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा झाकण लावून तळहाताने दाबलं आणि म्हणाल्या, “छान घासलाय.” आम्ही लोळलो हसून. समोरचा बिचारा खरोखरच गडबडला आणि डब्याच्या रबराबद्दल काहीतरी बोलत सुटला. तेही झकास झालं.

मग एका स्पर्धेत उतरायचं ठरलं. तिथल्या कचेरीत संहितेच्या दोन टंकलिखित प्रती हव्या होत्या. संहिताच नाही म्हटल्यावर, “मग परीक्षकांनी वाचायचं काय?” तीन खेपा घातल्या. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगा. शेवटी तालमीचं मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण ऐकत चार रात्री बसलो आणि ३४ पानं उतरवली.

इथवर ठीक होतं. कागद द्यायचा आणि विसरून जायचं. मी काय केलं? त्याच्या प्रती कलाकारांना वाटल्या. म्हटलं, इतकं छान जमलंय तर पक्कं करून टाकू. आठ वर्षं त्या कचेरीला शिव्या घालतोय, पण ही अक्कल माझीच. पुढच्या तालमीला बाईंनी झाकण निघायच्या आधीच “छान घासलाय” म्हटलं. समोरचा रबराच्या वाक्यासाठी तयार उभा. प्रयोगात तर कुणी खोकलंसुद्धा नाही.

तेव्हा आराखडा लिहा, आणि तोही सगळ्यांना सगळा देऊ नका. पाहुण्या कलाकाराला त्याच्या प्रसंगापुरतंच सांगा. शेजारणीला सांगा, डबा परत येणार आहे. रिकामा येणार, हे तिला कशाला कळायला हवं? आपल्या तमाशातला सोंगाड्या बतावणीत दुसरं काय करत आलाय? समोरच्याला बेसावध गाठणं. आपल्याकडे हे जमत नाही म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

कॅमेऱ्यापुढे करणार असाल तर एकाच वेळी दोन कॅमेरे लावा, ‘कर्ब’मध्येही तसंच करत. एकच असेल तर दुसऱ्या वेळेला वाक्यं बदलतात आणि संकलनाला बसल्यावर रडायची वेळ येते. आणि कच्चं चित्रण पुसू नका. २००३ मध्ये ‘कर्ब’चं चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये बेसबॉलच्या सामन्यावेळी झालं होतं. त्यातल्या न वापरलेल्या तुकड्यांत एक प्रेक्षक दिसला आणि खुनाच्या खोट्या आरोपातून सुटायला त्याला त्याचा मोठा आधार झाला. तुमच्यावर अशी वेळ येणार नाही म्हणा, पण हार्ड डिस्क काही फार महाग नसते.

डब्याचा प्रसंग हवा तर खुशाल घ्या. फक्त “छान घासलाय” हे तुमच्या शेजारणीला आधी सांगू नका.