सोलापुरात वरातीला जाणाऱ्या घोड्याची पाठ आखडली आहे. मालिश करावी की विद्युतचुंबकीय ब्लँकेट घ्यावं?

आधी हाताने मालिश करा आणि खोगीर तपासा. ब्लँकेटवर एवढ्यात पैसे घालू नका. या ब्लँकेटसारखं चुंबकीय स्पंदनं सोडणारं यंत्र माणसांच्या मोडून न जुळणाऱ्या हाडांसाठी अमेरिकेत १९७९ पासून मान्य आहे, पण घोड्याच्या पाठदुखीवरचे अभ्यास मोजके आणि निष्कर्ष उलटसुलट. मी पशुवैद्यक आहे. वरातीच्या घोड्यांत दुखण्याचं मूळ बहुतेकदा खोगिराखालीच सापडतं: चादरीची चौघडी घातलेली आणि तिची सुरकुती नेमकी मणक्यालगत रुतलेली. (आपली सोलापुरी चादर जाड, एकदा घडी बसली की हलत नाही.) ती सपाट घाला.

मालिश आयाळ संपते तिथून कमरेपर्यंत, मणक्यावर नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी तळहाताने. घोड्याने मान खाली सोडली, खालचा ओठ लोंबू लागला की तिथे जरा रेंगाळा. कान मागे पाडले तर दाब लगेच कमी करा.

मात्र घोडा लंगडत असेल, सूज गरम लागत असेल किंवा विश्रांतीतही ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर मालिशही नको. आधी डॉक्टरांना दाखवा.